गाझीच्या खाडीतली ओहोटी

पहिला दिवस, आश्विन शुद्ध एकादशी

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाने काशीला जावे किंवा अमेरिकेत मुलाकडे जावे अशी आमच्या नात्यागोत्यात समजूत आहे. त्यामुळे मी केनियातल्या एका खेड्यात कांदळवनाच्या कामाला जाते आहे आणि त्यासाठी पदरचे पैसेही भरले आहेत, हे कळल्यावर धाकट्या जाऊबाईंनी सरळ विचारले, "वहिनी, चिखलच तुडवायचा तर भाट्याची खाडी काय वाईट होती?" प्रश्न बिनतोड होता. माझे बालपण रत्नागिरीच्या त्याच खाडीकाठी गेले आहे. मात्र गाझी नावाच्या या गावाने खारफुटीचे जंगल राखून त्यातून गावासाठी नियमित उत्पन्न उभे केले आहे असे वाचले होते, आणि बत्तीस वर्षे खतावण्या तपासलेल्या बाईला तो हिशेब प्रत्यक्ष पाहायचा होता.

मुंबईहून पहाटेच्या विमानाने नैरोबीला आणि तिथून दुपारच्या रेल्वेने मोम्बासाला असा सगळा दिवस प्रवासात गेला. ही नवी रेल्वे २०१७ साली सुरू झाली. त्सावोच्या अभयारण्यातून जाताना लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती उतरत्या उन्हात दिसले. डब्यातल्या स्थानिक प्रवाशांनी त्यांच्याकडे, आपण रुळाकडेच्या म्हशींकडे बघतो तितपतच लक्ष दिले.

दुसरा दिवस, द्वादशी

मोम्बासा हे बेट आहे आणि दक्षिणेच्या किनाऱ्याला जायला बहुतेक लोक लिकोनीची फेरीबोट धरतात. पायी जाणाऱ्यांना तिकीट नसते. शेकडो माणसे, डोक्यावर टोपल्या, हातात कोंबड्या, शाळेची मुले, मधोमध ट्रक, अशी ती बोट पाहून मला जुन्या जयगड–दाभोळ भागातल्या तरींची आठवण झाली, फक्त सगळे दहापट मोठे. पलीकडे उतरून 'मतातू' म्हणजे आपल्या वडापसारखी गाडी पकडली आणि उकुंडा ओलांडून गाझीला पोहोचलो. मोम्बासापासून हे अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे आणि जिल्हा क्वाले. गाव लहान, बहुतांश मुसलमान डिगो लोकांचे, नारळीच्या सावलीतले. घरे पोवळ्याच्या दगडाची किंवा कुडाची, काहींवर माडाच्या झापांचे छप्पर. एकोणिसाव्या शतकात मझरुई घराण्यातल्या शेख म्बारकचे हे ठाणे होते. १८९५ साली त्याने इंग्रजांविरुद्ध बंड केले, एवढाच या गावाचा मोठ्या इतिहासाशी संबंध.

जिथे उतरले त्या घरच्या बाई स्वयंपाकाच्या तयारीत होत्या. त्यांनी घडीचे एक लाकडी आसन उघडले. त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी पाते होते. त्यावर त्या बसल्या आणि नारळाची वाटी फिरवू लागल्या. ती आपली खवणीच होती. तिला तिथे 'म्बुझी' म्हणजे बकरी म्हणतात. मी हात पुढे करून अर्धी वाटी खवून दिली, तेव्हा बाईंनी शेजारणीला हाक मारून तो प्रकार दाखवला. पाहुणीला हे येते याचे त्यांना फार नवल वाटले. रात्री नारळाच्या रसात शिजवलेला भात आणि त्याच रसातले तुरीचे ओले दाणे जेवायला होते. या दाण्यांना 'म्बाझी' म्हणतात.

भाषेचीही भीती निम्मी गेली. स्वाहिलीत गाडीला गारी, विम्याला बिमा, लाखाला लाकी, दुकानाला दुका, कचुंबरीला कचुम्बारी आणि हिशेबाला हेसाबु म्हणतात. अरबी समुद्राने दोन्ही किनाऱ्यांवर शब्द सारख्याच मापाने वाटलेले दिसतात. फसगत फक्त एका शब्दाने होते. तिथे 'मामा' म्हणजे आई, आणि प्रत्येक प्रौढ बाईला त्याच नावाने हाक मारतात. आलेल्या पहिल्या तासात मी चार जणांची मामा झाले. मुले मात्र मला 'शिकामू' म्हणत. वडीलधाऱ्यांना करायच्या या अभिवादनाचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा आहे, आणि त्याला 'मराहाबा' असे उत्तर द्यावेच लागते. ते द्यायला मी दोनदा विसरले, तर एक पाच-सहा वर्षांची मुलगी उत्तर मिळेपर्यंत समोरून हलली नाही.

तिसरा दिवस, त्रयोदशी

हा दिवस मी वाया घालवला आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणावरही टाकता येत नाही. आदल्या रात्री निरोप आला होता की उद्या 'सा मोजा' वाजता खाडीवर जमायचे. मोजा म्हणजे एक, हे मी पाठ केले होते. शिवाय मी वडिलांकडून शिकलेला हिशेबही लावून पाहिला. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्रयोदशी म्हणजे तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी. मग एक वाजता निघून उतरत्या पाण्याबरोबर आत शिरायचे, हे मला अगदी रास्त वाटले. सकाळी निवांत आवरले, पत्र लिहिले आणि बरोबर एक वाजता टोपी घालून खाडीवर हजर झाले.

समोर पाणी चढत होते. किनाऱ्याकडची झाडे कमरेइतकी बुडाली होती, आणि आमच्या स्वयंसेवक गटाची सगळी मंडळी काम संपवून, पाय धुऊन, केव्हाच घरी गेली होती.

झाले होते असे की स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालते. उजाडल्यावरचा पहिला तास पुरा झाला की 'सा मोजा', म्हणजे आपले सकाळचे सात. घटका-प्रहर मोजणाऱ्या आपल्या पणजीला हे घड्याळ लगेच कळले असते, मला कळले नाही. आणि ओहोटीचे म्हणाल, तर वडिलांचा पाढा रत्नागिरीच्या समुद्राचा होता. चंद्र तोच असला तरी भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळी पोहोचते. रत्नागिरीला पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आत येते, तर या किनाऱ्यावर ती चारच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळी दहाच्या आसपास असते. दोन चुका एकमेकींची साक्ष देत होत्या, म्हणून मला शंकासुद्धा आली नाही. बँकेत असे प्रकरण मी एकदा पकडले होते. संध्याकाळी रोपवाटिकेच्या प्रमुख मामांना मी हे सगळे वहीवर आकृती काढून समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, मग आभाळात वर आलेल्या चंद्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याला विचारायचे होते."

चौथा दिवस, चतुर्दशी

आज पावणेआठलाच खाडीवर होते. गाझीच्या उपसागराला सहाशेहून अधिक हेक्टर कांदळवन आहे आणि त्यातल्या ११७ हेक्टरांवर 'मिकोको पामोजा' या गावच्या प्रकल्पाचे काम चालते. या नावाचा अर्थ 'कांदळ, सगळ्यांनी मिळून'. समुद्राकडच्या बाजूला 'म्लिलाना' म्हणजे आपली चिप्पी, तिच्या आत 'म्कोको' म्हणजे आपला कांदळ, आणि जमिनीच्या कडेला जमिनीतून पेन्सिली उगवल्यासारखी मुळे काढणारा 'म्चू', म्हणजे आपली तिवर. चार हजार किलोमीटरवर येऊन ओळखीची माणसे भेटावीत तसे झाले. निवट्याही तशाच, चिखलावरून उड्या मारत जाणाऱ्या आणि आपण वाकलो की बिळात गडप होणाऱ्या.

आजचे काम लागवडीचे होते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. फळाच्या बुडातून हिरवी, काठीसारखी शेंग लोंबू लागते आणि ती हातभर झाली की गळून पडते. म्हणजे झाड रोपच सोडते, बी नव्हे. पिकलेली शेंग कशी ओळखायची ते मामांनी शिकवले. फळ आणि शेंग यांच्या सांध्याशी पिवळसर कडे दिसले पाहिजे. ते नसेल तर शेंग कच्ची असते, ओढून काढली तर लावूनही जगत नाही. मी गोळा केलेल्या पहिल्या वीस शेंगांपैकी नऊ त्यांनी काही न बोलता बाजूला टाकल्या.

लावणे दिसते सोपे. टोकदार बाजू खाली धरून शेंग चिखलात सरळ रोवायची. फार वर राहिली तर भरती उपटून नेते आणि फार खोल गेली तर कुजते. दोन शेंगांमध्ये मीटरभर अंतर ठेवायचे, त्यासाठी गाठी मारलेली दोरी ताणलेली असते. पण चिखल घोट्यापर्यंत आहे असे वाटते तोवर पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि तो काढताना सडक्या अंड्यांचा वास फुगा फुटावा तसा वर येतो. मामांनी सांगितले की पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच सोडवायची. आमच्या गटातला एक उंचापुरा जर्मन विद्यार्थी सरळ ओढत राहिला, आणि त्याचा एक बूट अजून तिथेच आहे. साडेदहाला पाणी परत चढत जवळ आले तेव्हा आमच्या दोन रांगा लागल्या होत्या आणि मामांच्या सात.

पाचवा दिवस, पौर्णिमा

मोजणीचा दिवस, म्हणजे माझा दिवस. जंगलात दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येक झाडाची जात, खोडाची जाडी आणि उंची नोंदवायची असते. साध्या झाडाची जाडी छातीच्या उंचीवर मोजतात. कांदळाला मात्र खोडातून चहूकडे कमानी मुळे फुटलेली असतात. त्यामुळे सगळ्यांत वरच्या मुळापासून तीस सेंटिमीटर वर जाऊन फीत गुंडाळावी लागते. ती जागा कधी गुडघ्याशी येते, कधी डोक्यावर. मुळांना धारदार कालवे चिकटलेली, हातमोजे ओले, वर डास. मी एका मुळावर उभी राहून आकडा ओरडायची आणि खालचा मुलगा तो पुन्हा उच्चारून लिहायचा. 'चौदा'चे 'चाळीस' होऊ नये म्हणून ही पद्धत. रोखपालाच्या खिडकीतही आम्ही हेच करत होतो.

या आकड्यांवरून झाडात किती कार्बन साठला ते काढतात. त्यातूनच प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे ३,००० टन कार्बन डायऑक्साइडच्या भरपाईची पत्रे, म्हणजे कार्बन क्रेडिट, धूर सोडणाऱ्यांना विकता येतात. माझ्या जाण्यायेण्याच्या विमानाने ढोबळ हिशेबाने टनाच्या आसपास धूर सोडला असणार. म्हणजे माझ्यासारखे तीन हजार हौशी पाहुणे आले तर जंगलाची वर्षाची कमाई साफ. हे मी गटाच्या मुख्य संशोधकांना बोलून दाखवले. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

रात्री कोजागरी. दूध गावात मिळाले, वेलची मिळाली (तिला 'इलिकी' म्हणतात), जायफळ मिळाले. काजू तर या किनाऱ्याचे पीकच. पोर्तुगीजांनी कोकणाला दिला तसा यांनाही दिला. चारोळी तेवढी नव्हती. अंगणात पातेले चंद्राखाली ठेवून मी दूध आटवले आणि घरच्या नऊ माणसांना पेलापेला दिले. "जागे कोण आहे असे देवी विचारत फिरते," हे मोडक्या शब्दांत सांगितले, तर घरचा थोरला मुलगा म्हणाला की आज रात्री जागे फक्त मच्छीमार असतील, उधाण आहे.

सहावा दिवस, प्रतिपदा

पुन्हा मोजणी. सात चौकोन. गुडघे बोलू लागले आहेत, याहून लिहिण्यासारखे काही नाही.

सातवा दिवस, द्वितीया

शुक्रवार असल्याने दुपारी नमाजाच्या वेळी काम बंद होते. संध्याकाळी आंब्याखाली प्रकल्पाच्या समितीची बैठक होती आणि मला तिथे बसू दिले. ज्यासाठी आले होते ते इथे ऐकायला मिळाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केनियातले कांदळवन १९३२ पासून सरकारी राखीव वन आहे. गावाची मालकी कधीच नव्हती. १९३२ पूर्वी शेकडो वर्षे, आणि नंतरही काही काळ, इथल्या कांदळाचा वासा, 'बोरिती', डाऊ गलबतांतून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे जात असे. जुन्या स्वाहिली घरांच्या खोल्या अरुंद असतात त्या याच वाशाच्या लांबीमुळे. १९७०च्या दशकात गाझीतले कांदळ भट्ट्यांच्या सरपणासाठी सरसकट तोडले गेले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की त्यानंतर कित्येक वर्षे तो भाग टक्कल पडल्यासारखा होता, आणि जाळ्यात कोलंबी येईना. १९९०च्या दशकात केनियाच्या सागरी संशोधन संस्थेने गाझीत लागवडीचे प्रयोग सुरू केले. तिचे डॉ. जेम्स कैरो यांचे नाव इथे घरटी माहीत आहे. पुढे कायद्याने गावकऱ्यांच्या वनसंघटनेला सरकारी वनाची व्यवस्था करारावर घेण्याची वाट मोकळी केली, आणि २०१३ मध्ये मिकोको पामोजा उभा राहिला. कांदळवन राखून कार्बनची पत्रे विकणारा जगातला हा पहिला गावप्रकल्प म्हणून ओळखला जातो. २०१७ साली त्याला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

पत्रे विकण्याचे काम स्कॉटलंडमधली एक धर्मादाय संस्था करते आणि पैसे गावाकडे येतात. त्यातून लागवड, राखण आणि मोजणीचा खर्च भागवून उरलेले गाझी आणि मकोंगेनी या दोन गावांच्या कामांना जातात. कोणत्या कामाला, ते गावसभा ठरवते. आजवर पाण्याचे नळ आणि शाळेची पुस्तके यांवर जास्त खर्च झाला आहे. आजची बैठक याच वादावर दोन तास चालली. मकोंगेनीच्या लोकांना नळाची दुरुस्ती आधी हवी होती, गाझीच्या तरुणांना फुटबॉलचे सामान हवे होते. एका मामांनी उठून विचारले की गेल्या वेळच्या पाइपांची पावती कुठे आहे. पावती आणायला माणूस धावला आणि तो येईपर्यंत कोणीही पुढचा विषय काढू दिला नाही. मला भाषा निम्मीच कळत होती, पण ही बैठक मला पूर्ण कळली. मी आयुष्यात अनेक वार्षिक सभांना बसले आहे. त्यांत पावतीसाठी सभा थांबलेली मी पाहिली नव्हती.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला मनाई केली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. हे मी बैठकीनंतर सांगितले तेव्हा बायकांनी पहिला प्रश्न केला, "एका माणसाचे किती घेतात?" गाझीच्या महिला गटाचीही कांदळवनातून जाणारी फळ्यांची पायवाट आहे आणि पाहुण्यांकडून त्या तिचे शुल्क घेतात. दर सांगितल्यावर त्यांनी आपसांत बराच वेळ शिलिंगांत हिशेब केला.

आठवा दिवस, तृतीया

आज मकोंगेनी. तिथे कांदळ नव्हे, सुरू लावायचे होते. भाट्याच्या किनाऱ्यावरचे सुरूबन पाहत वाढलेल्या मला सुरू म्हणजे वाळू आणि वारा अडवणारे झाड एवढेच ठाऊक होते. इथे कारण वेगळे आहे. घराला वासा आणि चुलीला लाकूड लागणारच. ते दुसरीकडून मिळाले नाही तर कोयता कांदळाकडेच वळेल. म्हणून लवकर वाढणारा सुरू पडीक जागेत लावतात. नुसती मनाई करून भागत नाही, हे कोणीतरी सुरुवातीलाच ओळखले. या सगळ्या प्रकल्पातली मला सर्वांत पटलेली गोष्ट हीच, आणि ती माहितीपत्रकात शेवटच्या पानावर होती.

शाळेत इंग्रजीचा एक तास घ्या असे मला सुचवले होते. मी नको म्हटले. आठ दिवसांसाठी आलेल्या बाईने वर्गात उभे राहावे आणि नेहमीच्या शिक्षकांनी मागे बसावे, हे मला बरे वाटेना. त्याऐवजी ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदवहीचे काम मागून घेतले. तिसरीच्या गणिताच्या पुस्तकाचे नावच 'हेसाबु'. एक मुलगा प्रत्येक पुस्तक फडक्याने पुसून माझ्याकडे देत होता आणि मी चुकीच्या रकान्यात आकडा घातला की जिभेने 'च्क' करत होता.

नववा दिवस, चतुर्थी

मतातू साडेनऊला निघणार होती. जाण्यापूर्वी आपली रांग पाहून यावी असे वाटले. खरे तर आता मला तिथला पाढा जमू लागला होता. आमच्या पाऊणपटीत सुमारे साडेचार तास मिळवले की गाझीची भरती निघते, त्या हिशेबाने सकाळी सात-साडेसातला पाणी पूर्ण भरलेले असणार आणि ओहोटी दुपारी एकनंतर. काही दिसणार नाही हे माहीत असूनही गेले. रोपवाटिकेच्या मामा तिथेच पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. त्या उठून फळ्यांच्या वाटेवर माझ्याबरोबर आल्या आणि चिप्पीच्या एका वाकड्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, त्याच्या डावीकडच्या दोन रांगा तुमच्या. मी पाहिले. पाणी सपाट आणि मातकट होते, त्यावर एक झाप तरंगत होती.

मग त्यांनी विचारले की आज किती वाजता उघडेल. मी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "सा साबा." म्हणजे आपला एक. त्यांनी चंद्र शोधायला वर पाहिले. तो पश्चिमेला, फिका, अजून होता. "सा साबा," त्या म्हणाल्या, आणि पिशव्या भरायला परत गेल्या.